दोन दिवसांच्या सह्या

दुसऱ्याची सही करायला मी शाळेतच शिकलो, पण विद्यार्थी असताना नव्हे, मास्तर झाल्यावर. त्यातल्या दोन सह्यांमुळे एका बाईची नोकरी गेली. आज मी स्वतः हेडमास्तर आहे. सकाळी मस्टर उघडलं की माझा हात क्षणभर थांबतो. शिपायाला वाटतं, साहेब चष्मा शोधताहेत. तो लगबगीनं चष्मा पुढे करतो आणि मी तो घेतो.

साठ साल मागे पडून सात-आठ वर्षं झाली असतील. आमची शाळा शहराच्या कडेला, जरीपटक्याच्या बाजारापासून सायकलीवर पंधरा मिनिटांच्या अंतरावर होती. सहा खोल्या, वर कवेलूचं छप्पर, मागे विहीर आणि विहिरीपाशी कडुनिंब. हेडमास्तर, आम्ही पाच शिकवणारे, एक शिपाई आणि रोजंदारीवर झाडझूड करणारी एक बाई, एवढाच संसार. त्या पावसाळ्यात हैजा आला. आम्ही कॉलरा म्हणायचो, वस्तीत हैजाच म्हणत. रेडिओवर सांगत की ही साथ नुसती आपल्याकडची नाही, देशोदेशी फिरते आहे. आम्हाला देशोदेशीचं काय कळणार? शाळेच्या पाठीमागच्या रस्त्यावरून तिरड्या जाऊ लागल्या आणि एका दुपारी शाळा बंद ठेवण्याचा कागद आला, एवढं आम्हाला कळलं. आमच्या पटावरची दोन नावं त्या दिवसांत कमी झाली. त्यातलं एक माझ्या वर्गातलं होतं. दुसरीतलं. पहिल्या बाकावर बसायचं.

सव्वा महिन्यानं शाळा उघडायचा हुकूम आला तेव्हा त्याच्यासोबत नियमांचा लांब कागद होता. पाणी उकळूनच द्यायचं. प्रत्येक मुलानं आपला पेला घरून आणायचा. नखं, हात, जीभ दारातच बघायची. आम्हा लोकांसाठी शेवटी दोन कलमं होती. रजा कोणालाही नाही. आणि साथ असलेल्या गावांची यादी जोडली होती, त्या गावी कोणी गेलं तर त्यानं कळवायचं आणि पुढचे आठ दिवस शाळेत पाऊल ठेवायचं नाही. लपवून ठेवलं तर नोकरी जाईल, असं स्वच्छ लिहिलं होतं.

शिपाई साथीच्या पहिल्याच आठवड्यात गावी पळाला होता, तो परत आला नाही. पहिल्या दिवशी घंटा हेडमास्तरांनी स्वतः वाजवली. धोतराचा सोगा एका हातात आणि घंटेची हातोडी दुसऱ्या हातात. चौथीला शिकवणाऱ्या, आमच्यात वयानं वडील असलेल्या बाईंना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्या दारात खुर्ची टाकून मुलांचे हात उलटेपालटे करून बघत होत्या.

"मोठ्या बाई, तुमचीच नखं बघायला पाहिजेत," हेडमास्तर म्हणाले.

"बघा की. घरी भांडी घासून घासून उरलीत कुठे?"

सगळेच भ्यायलो होतो. पण ते दिवस आठवले की मला आधी भीती आठवत नाही, एकमेकांचा आधार आठवतो. पहिलीच्या बाईंच्या लेकीला ताप आला तर त्यांचा वर्ग आम्ही दोन भागांत वाटून घ्यायचो आणि त्यांना मागच्या दारानं घरी पाठवायचो. पाचवीचे गुरुजी घरून निघताना रोज बायकोशी भांडून यायचे, म्हणून मोठ्या बाई त्यांच्यासाठी एक पोळी जास्त आणायच्या. आणि रजा कोणालाच नव्हती, त्यामुळे जो येऊ शकला नाही त्याची सही दुसरा करायचा. हे कोणी ठरवलं नव्हतं. हेडमास्तर मस्टर टेबलावर उघडं ठेवून साडेदहाला प्रार्थनेला बाहेर जायचे आणि परत आले की सगळे रकाने भरलेले असायचे. ते वर बघायचे नाहीत, मस्टर मिटायचे. 'सांभाळून घ्या' एवढाच आमचा शब्द होता. महिनाभरात मला प्रत्येकाची सही यायला लागली होती.

राहिला पाण्याचा प्रश्न. झाडझूड करणारी बाई नाल्यापलीकडच्या वस्तीतली. नवरा नव्हता, दोन मुली आमच्याच शाळेत होत्या. छप्पन साली तिच्या घरच्यांनी दीक्षा घेतली होती. साथीच्या आधी ती शाळेचं अंगण झाडायची, खोल्या सारवायची, पण पाण्याच्या माठाला तिचा हात कधी लागला नव्हता. तिला कोणी मनाई केलेली मी ऐकली नाही. तिला कोणी या म्हटलेलंही ऐकलं नाही. शिपाई पाणी भरायचा, ती भरायची नाही, आणि आम्ही शिकलेली माणसं त्या माठातलं पाणी पिऊन मुलांना समतेचा धडा शिकवायचो.

आता शिपाई नव्हता. हेडमास्तरांनी तिला विचारलं तेव्हा मी तिथेच होतो.

"पाण्याचं तू बघशील का? साथ सरली, इन्स्पेक्टरचा शेरा चांगला आला, की तुला कायम करण्यासाठी वर लिहितो."

"बघतो ना, साहेब." आमच्याकडच्या बाया अशाच बोलतात, बघतो, करतो. "कायम म्हंजे मंग कोणी काहाडणार नाही ना?"

"नाही काढणार."

"मंग आजपासूनच बघतो."

कडुनिंबाखाली तिनं तीन दगडांची चूल मांडली आणि त्यावर मोठा हंडा चढवला. नियमात होतं, बुडबुडे आल्यावर पाणी आणखी काही वेळ उकळू द्यावं. हेडमास्तरांनी तिला सोपं करून सांगितलं, बुडबुड्यानंतर शंभर मोज. तिला विसापर्यंतच येत होतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिच्यापुढे पाच चिंचोके. वीस झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. पाचवा सरकला की हंडा खाली. माझ्या वर्गाची खिडकी त्या बाजूला होती. मुलांचे पाढे चालू असताना मला खालून तिचं मोजणं ऐकू यायचं, आणि मध्येच कोणी हाक मारली तर ती पुन्हा एकपासून सुरू करायची. आम्हा शिकवणाऱ्यांचे पितळेचे गिलास होते, प्रत्येकाचा ठरलेला. रोज सकाळी ती ते गरम पाण्यानं भरून ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवायची आणि शाळा सुटली की धुऊन कार्यालयातल्या फळीवर उपडे मांडायची.

दुसऱ्या आठवड्यात दोन पालक आले. "साहेब, पाणी कोण देऊन रायलं पोराहिले?" हेडमास्तर म्हणाले, "उकळलेलं पाणी देऊन राहिली आहे ती. घरी तुम्ही उकळता का?" ते गेले. हेडमास्तरांच्या बाजूनं हे सांगितलंच पाहिजे. त्या दिवशी ते तिच्या बाजूनं उभे राहिले होते.

मग पोळा आला.

तिसरीचे मास्तर माझे मित्र. दोघंही पारशिवनीकडचे, दोघंही शेतकऱ्यांच्या घरचे. जरीपटक्याला एका चाळीत शेजारशेजारच्या खोल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो सायकल पुसता पुसता म्हणाला, "मी उद्या घरी चाललो बे."

"तुझं गाव यादीत आहे."

"यादीत त्या बाजूचं अर्धं रान आहे. बुढ्याले आता दिसत नाही. बैल घेऊन एकटाच जाईल तोरणाखाली, अन् जाईल दुसऱ्याच्याच बैलासंगं." तो हसला. "मारबतीच्या रातच्या मोटारीनं परत. उशीर झालाच तर सांभाळून घेजो."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? माझेही वडील तिकडेच होते. मीच भ्यायलो म्हणून गेलो नव्हतो, आणि त्याची मला लाज वाटत होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात मारबत निघाली, रोगराई गावाबाहेर नेऊन जाळायच्या पुतळ्याची मिरवणूक. शाळेला दोन्ही दिवस सुट्टी होती. पोरं गल्लीतून ओरडत होती, 'हैजा घेऊन जा गे मारबत'. संध्याकाळी मी त्याच्या खोलीकडे बघितलं, कुलूप होतं. सकाळीही कुलूपच. मी शाळेत गेलो, मस्टरवर माझी सही केली आणि खालच्या रकान्यात त्याची. त्याच्या सहीला शेवटी लांब शेपटी असायची. तिसरीची पोरं माझ्या वर्गात आणून बसवली. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. मोठ्या बाई मागे उभ्या होत्या.

"आजही नाही का?"

"येईल. मोटार चुकली असेल."

"शेपटी जरा लांब झाली हो," त्या हळूच म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही हसलो.

त्या दुपारी शाळा सुटायच्या वेळेस त्याचा धाकटा भाऊ फाटकाशी आला. मास्तरला आदल्या रात्रीपासून हगवण आणि वांत्या लागल्या होत्या. सकाळच्या मोटारीनं आणून सरकारी दवाखान्यात साथीच्या वॉर्डात टाकलं होतं. सलाईन चालू होतं. "भाऊनं सांगतलं, गावाचं नाव नोको घेऊ," तो म्हणाला. "दवाखान्यात जरीपटक्याच्या खोलीचाच पत्ता देला."

वॉर्डाच्या जाळीतून मी त्याला बघितलं. एका रात्रीत माणूस इतका आत जाऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. डोळे, गाल, सगळं आत. त्यानं मला ओळखलं आणि हात जरा हलवला, लिहिल्यासारखा. सही केलीस का, असं तो विचारत होता. मी मान हलवली. त्यानं डोळे मिटले.

दुसऱ्या सकाळी आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर येणार असा निरोप होता. तो येण्याआधी हेडमास्तरांनी आम्हाला कार्यालयात बोलावलं, दार लोटलं आणि मस्टर पुढे ठेवलं. दोन रकाने, दोन शेपट्या.

"या कोणी केल्या ते मी विचारत नाही," ते म्हणाले. "तो गावी होता असं सांगितलं तर त्याची नोकरी जाईल. सही करणाऱ्याची जाईल. मस्टर माझ्या ताब्यात असतं, म्हणजे माझीही. तो वाचेल की नाही तेही आज सांगता येत नाही."

मग पहिलीच्या बाई रडू लागल्या. त्यांच्या लेकीच्या तापाच्या दिवसांत त्यांच्याही सह्या आम्हीच केल्या होत्या. एक दोरा ओढला की सगळंच उसवलं असतं.

"आपल्या माणसाला आपण नाही सांभाळायचं तर कोणी?" मोठ्या बाई म्हणाल्या. "तो शाळेत होता. दोन्ही दिवस होता. झालं."

मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो ते एवढंच, "गावी तर आरोग्य खात्याची माणसं आधीच पोचली आहेत. विहिरीत औषध टाकताहेत. लपवलं तरी त्यानं कोणाचं नुकसान नाही." मला ते खरंच वाटलं. बाहेर चूल पेटलेली होती, धूर खिडकीतून आत येत होता. त्या बाईचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. हे मी स्वतःला माफ करण्यासाठी सांगत नाही. तेच तर माझं पाप आहे.

इन्स्पेक्टर मध्यम वयाचा, थकलेला माणूस होता. त्यानं मस्टरवर बोट ठेवलं. "मारबतीनंतर दोन्ही दिवस हजर. बाहेरगावी नाही. खोलीवर स्टोव्हचा चहा, दुपारी शाळेत. चाळीत दुसरं कोणी आजारी नाही. मग दोन दिवस हा माणूस पाणी कुठलं प्यायला?"

आम्ही सगळे खिडकीतून कडुनिंबाकडे बघू लागलो. तोंडानं कोणी काही म्हणालं नाही. नुसतं तिकडे बघितलं.

त्यानं तिला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली.

"पाणी उकळतेस?"

"उकळतो ना, साहेब. शंभर मोजतो."

"शंभर येतात तुला?"

तिनं चिंचोके आणून दाखवले. तळहातावर पाच. इन्स्पेक्टर चिंचोक्यांकडे बघत राहिला. मग त्यानं ते हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवले, जसं काही ते पुरावा म्हणून जप्त करायचे होते.

"म्हणजे मोजता येत नाही."

"मोजता येते, साहेब. वीस वीस करून येते." तिनं माझ्याकडे बघितलं. "गुरुजीहिले इचारा. त्याहिच्या खिडकीखालीच मोजतो मी."

इन्स्पेक्टरनं माझ्याकडे मान वळवली. मी म्हणालो, "मोजते. ऐकू येतं." माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यानं तो ऐकला की नाही कोण जाणे. पुढचं वाक्य माझ्या घशाशी होतं. मास्तर इथे नव्हते. एवढे तीन शब्द. हेडमास्तर माझ्याकडे बघत होते, मोठ्या बाई बघत होत्या, आणि जाळीमागचा तो हलणारा हात मला दिसत होता. मी खाली बघितलं.

हंड्यातल्या पाण्याची बाटली तपासायला गेली. तिचा निकाल काय आला हे मला आजही माहीत नाही. आम्ही विचारलाच नाही. शेरा त्याआधीच आला. पाणी देणारी व्यक्ती अशिक्षित, उकळण्याची खात्री नाही, बदलावी. वस्तीत गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. तेच दोन पालक पुन्हा आले, या वेळी वीस जण घेऊन. "आम्ही सांगतलं नव्हतं का?" त्यांना हैज्याबद्दल बोलायचं नव्हतं, त्यांना काय बोलायचं होतं ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. या वेळी हेडमास्तरांनी उत्तर दिलं नाही.

तिला झाडझुडीवरूनही काढलं. जाताना तिनं सगळ्यांचे गिलास धुतले, उपडे ठेवले आणि हेडमास्तरांना विचारलं, "साहेब, कायमचं मंग लिहाल नं पुढं कधी?" ते म्हणाले, "बघू." ती माझ्या वर्गाच्या दारात थांबली. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिलो. काय लिहिलं आठवत नाही. मागे वळलो तेव्हा ती नव्हती. पुढच्या आठवड्यात तिच्या दोन्ही मुलींची नावं पटावरून कमी झाली.

मास्तर वाचला. तीन आठवड्यांनी काठी टेकत शाळेत आला. सगळ्यांनी मिळून त्याला हार घातला, मोठ्या बाईंनी शिरा आणला. त्याला सगळं मी त्याच संध्याकाळी सांगितलं.

"आता सांगतलं तर?" तो म्हणाला.

"आता सांगितलं तर सगळेच जाऊ."

"मंग तू मले काहून सांगतलं बे?"

आमची मैत्री राहिली, पण त्यानंतर आम्ही कधी एका सायकलीवर बसलो नाही. वर्षभरात त्यानं बदली मागून घेतली.

मी तिला शोधायला गेलो तो फार उशिरा. चौदा वर्षं झाली होती. जुने हेडमास्तर निवृत्त होऊन वारले होते आणि मला बढतीचा कागद आला होता. मी दोन पानी कबुलीजबाब लिहिला, सही केली, या वेळी माझीच, आणि तो खिशात घालून नाल्यापलीकडे गेलो. ती ओसरीवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. केस पांढरे झाले होते. तिनं मला लगेच ओळखलं.

"बसा गुरुजी. पाणी घ्या." तिनं गिलास पुढे केला. "उकळलेलं नाही बरं का."

मी ते प्यालो. मग कागद काढला आणि वाचायला लागलो. पहिल्याच परिच्छेदावर तिनं हात वर केला.

"मले मालूम आहे ते."

"काय मालूम आहे?"

"मास्तर दोन दिवस नव्हते ते. रोज सकाळी त्याहिचा गिलास मीच तं भरून ठेवो. दोन्ही दिवस शाळा सुटली तरी तो तसाच भरेल होता. घोटभरही कमी नव्हता." तिचे हात थांबले नव्हते, पान कात्रीनं कापून ती तंबाखू भरत होती. "इन्स्पेक्टर साहेब दोन्ही दिवस हजर म्हणाले, ते चुलीपाशी ऐकू आलं, तवाच समजलं मले."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्ही सगळे एकमेकाले सांभाळून घेऊन रायले होते, गुरुजी. पहिलीच्या बाईले, मास्तरले. मी पाहत होतो ना रोज. मले वाटलं, मी चुपचाप रायलो तं मलेही घ्याल."

मी कागद तिच्यापुढे धरला. म्हणालो, हा मी वर पाठवतो, तुला न्याय मिळेल, निदान नाव तरी साफ होईल. तिनं तो हातात घेतला नाही. "आता माहं वय काय पाणी भराचं आहे?" ती म्हणाली. "अन् पोरीहिची शाळा तं सुटली ते सुटलीच. धाडा नाही तं नोको धाडू. तुमच्या मनाले वाटते तसं करा." मग तिनं सूप पुढे ओढलं आणि पानं मोजायला लागली. वीसवर थांबली, एक पान वेगळं ठेवलं, पुन्हा एकपासून सुरू केलं.

तो कागद मी पाठवला नाही. पुढच्या महिन्यात हेडमास्तरांच्या खुर्चीवर बसलो. कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे, जुन्या मस्टरांच्या खाली. परवा एक तरुण गुरुजी माझ्याकडे आले, घरी आजारपण होतं, रजा शिल्लक नव्हती. संकोचत म्हणाले, "सर, दोन दिवस जरा सांभाळून घ्याल?"

मी त्यांना हो म्हणू शकलो नाही आणि नाहीही म्हणू शकलो नाही. ते उभेच राहिले. शेवटी मी विचारलं, आज सकाळी शाळेत पाणी कोणी भरलं? त्यांना काही कळेना. त्यांनी सांगितलं, माहीत नाही सर, रोज भरलेलं असतं.